चारशे एकोणसाठ

हरवलेलं शोधण्यात सत्यशीला रामटेके यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्या स्वतः सांगत नसत, त्यांची सगळी कचेरी सांगायची. एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. खिडकी नसलेली खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, धुळीने माखलेले गठ्ठे आणि मधोमध एक टेबल. साहेबांना कुठल्या तरी जुन्या प्रकरणाची फाइल हवी झाली की बाई टेबलावरूनच पुकारायच्या, "सातशे बावीस, डावीकडून चौथी मांडणी, खालून दुसरा गठ्ठा," आणि कचरू शिपाई शिडी घेऊन धावायचा. फाइल तिथे नसली तरी बाई डगमगत नसत. शेवटची खात्रीची नोंद कुठली ते बघायचं आणि तिथून पुन्हा निघायचं, ही त्यांची पद्धत. नव्या कारकुनांना त्या एकच सांगत, की फाइल हरवत नसते, ती कुठेतरी असतेच, आपण तिथे बघत नसतो एवढंच.

अशा या बाई वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच हरवल्या.

त्यांच्या भाचीने वाघोलीत फ्लॅट घेतला होता, त्याच्या गृहप्रवेशाच्या परित्राणपाठाला त्या गेल्या होत्या. वंदना झाली, जेवणं झाली. भाची म्हणाली, मावशी, रिक्षा बोलावते. बाई म्हणाल्या, का, मला पाय नाहीत? आणि बस स्टॉपकडे चालू लागल्या. आता वाघोलीचं काय सांगावं! सकाळी ज्या रस्त्याने आलो तो संध्याकाळी तिथेच असेल याची हमी बिल्डरसुद्धा देत नाही. एकासारखे एक टॉवर, एकासारखी एक गेटं, गेटावर एकासारखे एक कंटाळलेले सिक्युरिटीवाले. एका वळणावर बाई थांबल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच उमगत नाही. कुठून आलो ते नाही, कुठे जायचं ते नाही. आपलं घर धायरीला आहे हेसुद्धा काही केल्या आठवेना. दोन तास त्या एका हार्डवेअरच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. कोणाला विचारलं नाही, कारण लाज वाटली. शेवटी दुकानदारालाच शंका आली आणि त्याने बाईंच्या फोनवरून त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं.

मुलगा सुदर्शन. आयटी कंपनीत मॅनेजर, मनाने चांगला, पण काळजी करायला लागला की समोरच्याचा जीव नकोसा करून सोडणारा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, गोळ्या लिहून दिल्या आणि जाता जाता "जरा लक्ष ठेवा" म्हणाले. हे डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात. सुदर्शनने मात्र तो हुकूम समजून पाळला. आईच्या पर्समध्ये त्याने आपल्या नंबरचं लॅमिनेट केलेलं कार्ड घातलं, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराच्या खिशात घालतात तसं. आणि धायरी गावठाणातल्या सोजरबाईंना कामाला ठेवलं. सकाळी सहाला यायचं, आईच्या मागे राहायचं आणि काही वेगळं वाटलं तर त्याला फोन करायचा.

"दादांनी सांगितलंय, तुमची पाठ सोडायची न्हाई," सोजरबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

सून चैताली पुण्याचीच. कमी बोलायची, पण बोलली की कापायची. ती नवऱ्याला म्हणाली, "आईंना एकटं सोडायचं नाही हे ठरलं, बाई ठरल्या, वेळही ठरली. आता आईंना विचारायचं तेवढं राहिलं."

ते राहिलं ते राहिलंच. बाईंना हवं होतं ते फार मोठं नव्हतं. सकाळी आपल्या पायांनी घराबाहेर पडावं आणि आपल्या पायांनी परत यावं, मागे कोणी चप्पल घासत चालू नये. नवऱ्याच्या माघारी मुलगा वाढवताना, नोकरी करताना, भंडाऱ्याहून पुण्यात येऊन उभं राहताना त्यांनी कधी कोणाला आधी विचारलं नव्हतं. आता भाजी आणायलाही पहारा. त्यांना संताप येई, आणि त्याहून वाईट म्हणजे, मनातून भीती वाटे की पोराचं बरोबर असेल तर?

तळजाईच्या टेकडीवर त्या सोजरबाईंसकट जाऊ लागल्या ते डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून. धायरीहून बसने स्वारगेट, तिथून दुसरी बस. एका सकाळी पायवाटेच्या कडेला एक धडधाकट माणूस गुडघे टेकून झाडाच्या मुळांमध्ये हात घालून बसलेला दिसला.

"म्याडम, त्यो बघा," सोजरबाई कुजबुजल्या. "कायतरी पुरतोय. चला माघारी."

बाई माघारी वळणाऱ्या नव्हत्याच. जवळ जाऊन त्यांनी एकतीस वर्षांचा सवयीचा प्रश्न विचारला, "काय हरवलंय?"

"हरवलं नाही काकू, सापडलंय," तो म्हणाला आणि मातीने भरलेल्या हातातली छोटी डबी दाखवली.

त्याचं नाव इंद्रजीत. बँकेत नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी हा उद्योग. याला जिओकॅशिंग म्हणतात, त्याने सांगितलं. जगभर लोक डोंगरात, बागांत, रस्त्याकडेला असे डबे लपवून ठेवतात. डब्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर मिळतात. फोनमधला बाण दाखवेल तसं जायचं, अगदी जवळ पोचलं की बाणाचा भरवसा सोडून डोळ्यांनी शोधायचं, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा जसा होता तसा परत ठेवायचा.

"अन् मिळतं काय?" सोजरबाईंनी विचारलं.

"डबा."

"त्यो तर तिथंच ठिवायचा म्हनता."

"हो."

"मंग मिळालं काय?"

इंद्रजीत हसून डबीवरची माती पुसू लागला. बाईंना विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं. शोधायचं, नोंद करायची आणि जिथल्या तिथे ठेवायचं. हेच तर त्या जन्मभर करत आल्या होत्या, फक्त अंधाऱ्या खोलीत. इथे डोक्यावर आभाळ होतं.

चैतालीने त्याच संध्याकाळी सासूच्या फोनवर ते ॲप घालून दिलं. पहिली डबी एका पुलाच्या कठड्याखाली मिळाली, दुसरी वडगावच्या बाजूला एका ओढ्याकाठी, तिसरी तळजाईवरच. आणि मग बाईंना ते वेडच लागलं. पहाटेचं गवत ओलं असतं, मोर ओरडतो पण दिसत नाही, उन्हं तिरपी आली की प्रत्येक दगडाची एक बाजू उजळते आणि एक झाकलेली राहते, हे सगळं त्यांना त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं ट्यूबलाइटखाली काढल्यावर आपल्याला उघड्यावर इतकं बरं वाटतं याचं त्यांना नवल वाटायचं. शोधण्यासाठी बघावं लागतं आणि बघितलं की आवडायला लागतं. त्या खूश होत्या. सोजरबाई नव्हत्या. त्यांना सापांची भीती होती आणि डब्यांविषयी आदर नव्हता.

इंद्रजीतचा स्वतःचा एक डबा तळजाईवर होता, तीन टप्प्यांचा. पहिल्या डबीत दुसरीच्या जागेचा आकडा, दुसरीत तिसऱ्याचा, आणि खरा डबा तिसऱ्या जागी. त्याच्या वहीत फार थोडी नावं आहेत, असं तो अभिमानाने सांगे. बाईंनी ठरवलं, हा मिळवायचाच, आणि त्या दिवशी जेवताना मुलापुढे विषय काढला.

"हा डबा मी शोधला, तर सोजरबाईंनी माझ्यामागे फिरायचं नाही. घरकाम करावं."

सुदर्शन हसला. "तिन्ही टप्पे?"

"तिन्ही. महिनाअखेरपर्यंत."

"बरं. आणि नाही मिळाला, तर टेकडी बंद."

चैतालीने आमटी वाढता वाढता दोघांकडे बघितलं.

दोन टप्पे आठवड्यात झाले. दुसऱ्या डबीतल्या चिठ्ठीवरचा आकडा बाईंनी आपल्या वहीत नीट उतरवून आणला. संध्याकाळी त्या तो फोनमध्ये भरायला बसल्या तर सुदर्शनने फोन हातातून घेतला.

"दे इकडे. तू गोंधळ घालशील. सांग, मी टाकतो."

बाईंनी चष्मा लावला आणि रेकॉर्ड रूममध्ये पुकारायच्या तसा आकडा पुकारला. "उत्तर अठरा अंश. अठ्ठावीस मिनिटं. पुढे चारशे एकोणसाठ."

"हं."

"टाकलं?"

"टाकलं गं आई. पुढचा सांग."

त्यांनी पुढचा सांगितला. बाण तयार झाला.

दुसऱ्या दिवशी बाणाने त्यांना टेकडीच्या मागच्या उतारावर, घाणेरीच्या जाळीतल्या एका दगडांच्या ढिगाशी नेऊन उभं केलं. बाई दोन तास शोधत होत्या. एकेक दगड उचलला, खाली बघितलं, होता तसा ठेवला. काही नाही. दोन दिवसांनी पुन्हा गेल्या. पुन्हा तोच ढीग, तेच दगड. तिसऱ्या खेपेला सोजरबाईंनाही हाताशी घेतलं. त्यांच्या बोटात काटा गेला आणि तिथे उभ्या उभ्याच त्यांनी सुदर्शनला फोन लावला. बाईंना सगळं ऐकू येत होतं.

"दादा, म्याडम नुसतं दगूड उलथत्यात. तेच तेच दगूड हायेत, रोजचेच. मला तर कायतरी येगळंच वाटतंय बगा."

नुसतं ऐकलं तर काय वाटेल, हे बाईंना त्याच क्षणी कळलं.

सुदर्शन त्या संध्याकाळी चिडला असता तर बरं झालं असतं. तो जवळ येऊन बसला आणि एकेक शब्द सावकाश म्हणाला, "आई, तिथे तू आधी बघितलं होतंस. तुला आठवतंय ना?"

"आठवतंय," बाई म्हणाल्या. "माझं डोकं फिरलेलं नाही."

"तसं कोण म्हणतंय? पण आता बास. टेकडी बंद. तूच कबूल केलं होतंस."

"महिनाअखेरपर्यंत म्हटलं होतं. अजून आठ दिवस आहेत."

"आई," तो म्हणाला, आणि त्याने बाईंच्या हातावर थोपटलं.

त्या थोपटण्याने बाईंचा धीर खचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंद्रजीतला फोन करून विचारलं, डबा कोणी नेला तर नाही ना? नाही काकू, तो म्हणाला, जागेवर आहे, परवाच दोघांना मिळाला. म्हणजे डबा होता. फक्त सत्यशीला रामटेके यांना दिसत नव्हता. तीनदा जाऊन, एकेक दगड उलथून दिसत नव्हता. खोलीचं दार लावून घेऊन बाई रडल्या. आपण खरंच तिथे गेलो होतो का, दगड खरंच उचलले का, इथपर्यंत त्यांची मजल गेली. वाघोलीतलं ते वळण पुन्हा डोळ्यांसमोर आलं आणि आता हे असंच वाढत जाणार, असं त्यांना वाटलं.

रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, चहा केला आणि जन्मभराच्या सवयीने स्वतःलाच कारकून समजून फैलावर घेतलं. फाइल नाही म्हणता? नोंद बघितली का? मूळ नोंद? कोणी उतरवली, कशावरून उतरवली?

नोंद त्यांनी बघितली नव्हती. आकडा फोनमध्ये गेल्यापासून त्या फक्त बाण बघत होत्या.

"चैताली," त्यांनी हाक मारली, "यात तो आकडा कुठे दिसतो गं?"

चैतालीने दाखवला. बाईंनी वही शेजारी ठेवली आणि एकेका अंकावर बोट ठेवत दोन्हीकडे वाचलं. वहीत होतं, चारशे एकोणसाठ. फोनमध्ये होतं, चारशे एकोणसत्तर.

हा घोळ बाईंच्या ओळखीचा होता. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी कचेरीत सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, तेव्हा कंत्राटी ऑपरेटर आले होते. हुशार होते, पण इंग्रजीत शिकलेले. बाई पुकारायच्या एकोणसाठ, आणि त्यांच्या कानात साठ शिरलं की बोट सहावर पडायचं. एका दिवसात चाळीस फायली नाहीशा झाल्या आणि बाईंनी त्या सगळ्या दहा घरं पुढे जाऊन शोधून काढल्या.

"एकोणसाठ म्हटलं की तुझ्या नवऱ्याला एकोणसत्तर वाटतं," त्या म्हणाल्या.

"मला सांगता?" चैताली म्हणाली. "मला बघायला आले तेव्हा आमचा घर नंबर एकोणऐंशी होता. हे एकोणनव्वदात जाऊन पोहे खाऊन आले. मुलगी आवडली का विचारलं तर म्हणे, तिथे मुलगीच नव्हती."

बाई हसल्या आणि हसता हसता पुन्हा डोळ्यांना पाणी आलं. डोकं ठिकाणावर होतं! दगड तेच होते, कारण जागा तीच चुकीची होती. मग राग आला, आणि राग आला की बाईंच्या तोंडी पुण्यात पस्तीस वर्षं काढूनही भंडाऱ्याची भाषा येई. "काहून रे," त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "मी गोंधळ घालीन म्हणे!" पण त्याला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट आपलाच होता हेही त्यांना आठवलं आणि त्यांनी पुढचं गिळलं.

चैताली म्हणाली, "फोन लावू यांना?"

"नको. आधी डबा."

शेवटच्या आकड्यात एकाचा फरक म्हणजे सहा फूट, असं इंद्रजीतने कधीतरी सांगितलं होतं. दहाचा फरक म्हणजे साठ फूट. ढिगापासून दक्षिणेला साठ फूट. बाईंनी फोनमधली जुनी नोंद तशीच ठेवली आणि खरा आकडा स्वतःच्या बोटांनी नव्याने भरला.

गुरुवारी सकाळी सहाला सोजरबाई दारात आल्या तेव्हा बाई बूट घालून तयार होत्या.

"आज मी एकटी जाणार."

"दादांनी सांगितलंय..."

"तर दादांना सांगा. मी काही चोरून जात नाही."

"माझं काम जाईल की वो म्याडम."

तेही खरं होतं. बाईंनी कागद घेतला आणि लिहिलं: 'मी आज स्वतःच्या मर्जीने एकटी तळजाईस जात आहे. यात सोजरबाईंचा काही दोष नाही. अकरापर्यंत परत येईन. मधल्या वेळात फोन करू नये.' खाली सही, तारीख, वेळ. सोजरबाईंनी तो कागद घडी घालून छातीशी धरला.

मागच्या उतारावर पोचायला सव्वाआठ वाजले. बाणाने दगडांचा ढीग ओलांडायला लावला, घाणेरीतून खाली उतरवलं आणि एका जुन्या सिमेंटच्या बांधाशी आणून सोडलं. पावसाचं पाणी अडवायला कधीतरी घातलेला छोटा बांध, आता गाळाने भरलेला. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. बांधाच्या टोकाला, भिंत जिथे मातीत शिरते तिथे, एक चपटा दगड जरा जास्तच नीट बसलेला होता. डोंगरावर दगड इतके नीट बसत नाहीत. त्यांनी तो सरकवला आणि मागच्या पोकळीत तपकिरी रंग दिलेला डबा होता.

बाई मोठ्याने हसल्या. आसपास कोणी नव्हतं, म्हणून अजून एकदा हसल्या. आतल्या वहीत त्यांनी आपलं नाव संपूर्ण लिहिलं, सत्यशीला मारोती रामटेके, धायरी. तारीख घातली, वेळ घातली. डबा पुसून होता तसा ठेवला, दगड होता त्याहून थोडा कमी नीट बसवला, आणि निघाल्या.

आनंदात माणूस पायांखाली बघत नाही. सुदर्शनला काय काय बोलायचं याची जुळवाजुळव करत त्या पायवाटेने चालत राहिल्या आणि बऱ्याच वेळाने थांबल्या, तेव्हा समोर एक जुनी खाण होती. ही त्यांनी कधीच पाहिली नव्हती. त्या वळल्या. मागे दोन वाटा होत्या. दोन्हीकडे सारखीच झाडं, सारखंच वाळलेलं गवत.

आणि मग ते झालं. वाघोलीत झालं होतं तसंच, अगदी तसंच. डोक्यातून कोणीतरी सगळे गठ्ठे काढून नेले आणि मांडण्या तेवढ्या उरल्या. आपण कुठून आलो? घर कुठल्या बाजूला? बस कुठून, कुठल्या नावाच्या स्टॉपवरून? नाव येईना. म्हणजे आकडा चुकला होता सुदर्शनचा, आणि तरीही मुलाची काळजी खोटी नव्हती. दोन्ही खरं होतं. याची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

त्यांनी पर्समधून फोन काढला. सुदर्शनचं नाव पहिलंच. बोट त्याच्यावर जाऊन थांबलं.

बाईंनी बोट काढलं. खाली एका दगडावर बसल्या, बाटलीतलं पाणी घोटाघोटाने प्यायल्या. इथे दोन तास उभं राहायचं नाही, एवढं त्यांनी पहिल्यांदा ठरवलं. मग स्वतःलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शेवटची खात्रीची नोंद."

ती नोंद होती डबा. डब्याची जागा फोनला ठाऊक होती. घराचा रस्ता आठवत नसला तरी चालेल, बांधापर्यंतचा बाण तर आहे. त्या उठल्या. दोनदा वाट घाणेरीत बुडाली, एकदा साडी काट्यात अडकून टर्रकन फाटली. बांध दिसला तेव्हा त्यांना रडू फुटलं, पण पाय थांबले नाहीत. बांधापासून पुन्हा सुरुवात. वर ढीग. ढिगाच्या वर मोठी वाट. मोठ्या वाटेवर माणसं असतात.

होतीच. कानटोपी घातलेले एक आजोबा हात झटकत येत होते. वाघोलीत जे जमलं नव्हतं ते बाईंनी केलं.

"अहो, मी वाट चुकलेय. बसकडे जायचं गेट कुठे?"

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चुकलात म्हणजे? समोर पाटी आहे की एवढी मोठी."

"पाटी दिसली असती तर तुम्हाला कशाला थांबवलं असतं?"

"हेही खरं," आजोबा म्हणाले आणि गेटापर्यंत बरोबर आले. वाटेत त्यांनी महापालिकेपासून आपल्या गुडघ्यांपर्यंत सगळ्यांना नावं ठेवली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गेट दिसताच स्टॉपचं नाव आठवलं, मग बसचा नंबर, मग घर.

त्या धायरीला पोचल्या तेव्हा बारा वाजायला आले होते. सुदर्शन ऑफिस सोडून आला होता आणि बाईंचा कागद हातात घेऊन हॉलमध्ये फेऱ्या घालत होता. त्याचा फोन चैतालीच्या हातात होता.

"फोन करू नये असं स्वच्छ लिहिलंय, म्हणून काढून घेतला," ती सासूला म्हणाली. "अजून पाच मिनिटं झाली असती तर मात्र मीच लावणार होते."

"मिळाला," बाईंनी सांगितलं आणि खुर्चीत बसल्या. मग वही उघडून पुढे ठेवली. "एकोणसाठ म्हणजे पन्नास आणि नऊ. तू साठ आणि नऊ टाकलेस. तीन दिवस मी तुझ्या आकड्यावर दगड उलथत होते."

सुदर्शनने वहीत बघितलं, आईचा फोन मागून घेऊन त्यातली जुनी नोंद बघितली, पुन्हा वहीत बघितलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे चूक माझी होती," तो म्हणाला. "आई, सॉरी. खरंच सॉरी. मी काय काय बोललो तुला! तू तर ठणठणीत आहेस."

इथे गप्प बसलं असतं तर बाई जिंकल्या होत्या. सोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, चैतालीच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, मुलगा कबूल झाला होता. बाईंनी फाटलेला पदर मांडीवर सारखा केला.

"ठणठणीत नाही," त्या म्हणाल्या. "येताना मी वाट चुकले. वाघोलीत झालं तसंच झालं. काही आठवेना. पाऊण तास."

सुदर्शन त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसला.

"डॉक्टरांची वेळ घे. मी नीट सगळं सांगीन. तू बरोबर ये, पण माझ्या आधी तोंड उघडू नकोस. गोळ्या म्हणतील त्या घेईन. आणि पुढच्या गुरुवारी मी पुन्हा जाणार आहे. हरवणारच नाही असं काही मी तुला लिहून देणार नाही."

"घाबरली होतीस?" सुदर्शनने विचारलं.

"खूप."

"मग फोन का नाही केलास? मी लगेच आलो असतो."

"आला असतास रे," बाई म्हणाल्या. "तू आणलं असतंस मला. मग मी आले नसते."

सुदर्शनने हातातल्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग त्याने सोजरबाईंना हाक मारली आणि उद्यापासून सकाळी सहाला नको, घरकामाला नऊला आलात तरी चालेल, असं सांगितलं.